देवळात जायचे की नाही? पूर्णाकाठचा इतिहास आणि आपण



अकोल्यात युवकांचा एक अभ्यासवर्ग चालू होता. विषय होता वऱ्हाडातील ऐतिहासिक स्थळे. शेवटी असे ठरले, की नुसते बोलून भागणार नाही, एका रविवारी गाडी करून लासूरला जायचे. लासूर हे अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातले, पूर्णा नदीच्या काठावरचे गाव. तिथे काळ्या दगडातले आनंदेश्वराचे जुने देऊळ आहे. हे ठरताच मागच्या रांगेतला एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, आपल्याले देवळात जाचं का नाई जाचं, हे येक बार सांगूनच टाका. घरी आजी म्हनते बाबासाहेबानं देव सोडाले सांगतले. अन् तुमी म्हनता चाला देऊळ पाहाले!"

सगळे हसले. पण तो पोरगा हसत नव्हता. त्याचा प्रश्न खरा होता, आणि तो त्याच्या एकट्याचा नव्हता. वर्गात लगेच दोन तट पडले. एक गट म्हणाला, देवळाच्या पायरीला पाय लावला की बावीस प्रतिज्ञा मोडल्या. दुसरा म्हणाला, आपल्या बापजाद्यांनी ज्या दारासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या दारातून आत जाण्यात कसली लाज? दोघेही बाबासाहेबांचेच नाव घेत होते. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी, किंवा दोघेही, बाबासाहेबांचे अर्धेच ऐकत होते.

म्हणून हा लेख. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हक्क, भक्ती आणि जिज्ञासा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चळवळीने हक्क लढून मिळवला, भक्ती विचारपूर्वक सोडली. जिज्ञासा मात्र सोडायला कोणीही सांगितलेली नाही. या तिन्हींची सरमिसळ झाली, की गोंधळ होतो.

अंबादेवीचे दार, १९२७

सुरुवात आपल्या घरापासून करू. अमरावती शहराच्या मध्यभागी, अंबा नाल्याच्या काठी, अंबादेवीचे देऊळ आहे. रुक्मिणीचे हरण इथूनच झाले अशी आख्यायिका सांगतात. साऱ्या वऱ्हाडाची देवी म्हणून तिचा लौकिक. पण 'साऱ्या वऱ्हाडात' महार, मांग, चांभार धरलेले नव्हते. नवरात्रात सारे शहर तिथे लोटायचे, आणि आपली माणसे दाराबाहेर.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब. ही तारीख नीट लक्षात ठेवा. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन आठ महिने झाले होते, आणि मनुस्मृती जाळायला अजून सहा आठवडे होते. या दोन घटनांच्या मधे अमरावती येते. महाड आणि नाशिक आपल्याला पाठ असते. आपल्याच जिल्ह्यातले अमरावती मात्र आपल्या पोरांना माहीत नसते, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी कळली. घरात एवढा घाला पडला, तरी समाजाचे काम थांबले नाही.

अंबादेवीच्या प्रश्नावर डॉ. पंजाबराव देशमुख अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयाचा अभ्यास केलेला हा माणूस. ज्यांना वेद कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, असे लोक धर्माच्या नावाने दार अडवून बसले होते, आणि ज्याने वेद वाचले तो दार उघडा म्हणत होता! पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर याच पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम केले. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला याची किंमत सांगावी लागत नाही. जिथे जमिनीतून खारट पाणी निघते, तिथे गोड्या पाण्याच्या विहिरीवर मज्जाव म्हणजे जगण्यावरच मज्जाव.

त्या परिषदेत सत्याग्रह लगेच सुरू न करता मुदत देण्याचे ठरले. पण त्या काळी बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: मूर्तीची पूजा करून मनाला किती समाधान मिळते, हा प्रश्नच नाही. ज्याला तुम्ही हिंदू संस्कृती म्हणता ती उभी करण्यात वाल्मीकी, चोखामेळा, रोहिदास यांचाही वाटा आहे, लढायांत आमचीही माणसे मेली आहेत. सगळ्यांनी मिळून उभ्या केलेल्या वास्तूवर मालकी काहींचीच कशी?

बघा, इथे भक्तीचा शब्द नाही. देवीचे दर्शन द्या, आम्ही तळमळतो आहोत, अशी विनवणी नाही. हा वारसाहक्काचा दावा आहे. सामाईक वाड्यातून एका भावाला बाहेर काढले तर तो कोर्टात जसा उभा राहील, तसे बाबासाहेब उभे होते.

काळाराम ते येवला

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचा क्रम पुन्हा पाहिला पाहिजे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला, गोदावरीकाठच्या पंचवटीत, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि हजारो स्त्री-पुरुष. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. जवळजवळ पाच वर्षे हा लढा चालला. दार उघडले नाही.

पण या पाच वर्षांत बाबासाहेबांनी दाराकडे पाहण्याची दिशाच बदलली. केंद्रीय कायदेमंडळात रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेशाचे विधेयक आले, तेव्हा गांधीजींना बाबासाहेबांचा पाठिंबा हवा होता. १४ फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात बाबासाहेबांनी जे म्हटले ते प्रत्येक युवकाने मुळातून वाचावे. मतितार्थ असा: युरोपियनांच्या क्लबांवर कुत्र्यांना आणि हिंदी माणसांना मज्जाव असल्याच्या पाट्या लागत. त्या क्लबांत शिरण्यासाठी स्वाभिमानी हिंदी माणसाने गयावया करावी काय? देऊळ उघडायचे की नाही हे तुम्ही ठरवा. माणसाचा मान राखणे तुम्हाला सभ्यपणाचे वाटत असेल तर उघडा. नसेल वाटत तर बसा दार लावून, मला यायची हौस नाही.

वर्षभराने, ३ मार्च १९३४ रोजी, दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आणखी स्पष्ट केले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह नव्हता. देवळात शिरल्याने आपण बरोबरीचे होऊ असाही त्यांचा समज नव्हता. निजलेल्या समाजाला जागे करायला हा उत्तम मार्ग होता, आणि त्याचे काम झाले. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावा. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर.

म्हणजे पोराच्या आजीचे बरोबर आहे. देव सोडायला सांगितले, आणि आपण सोडले. ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा आहे आणि ती पाळायचीच. पण प्रतिज्ञा उपासनेबद्दल आहे. दगडी खांब पाहू नका, शिलालेख वाचू नका, नदीकाठी बसून इतिहास समजून घेऊ नका, असे त्या बावीस प्रतिज्ञांत कुठे आहे? ज्या माणसाने हिंदू धर्मग्रंथांचा फडशा पाडेपर्यंत अभ्यास केला, तो आपल्या अनुयायांना डोळे मिटून घ्यायला सांगेल काय?

दौलताबादचा प्रवासी

बाबासाहेब स्वतः प्रवासी म्हणून ऐतिहासिक स्थळे पाहायला जात. १९३४ साली तीसेक सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. निजामाच्या राज्यात जातीवरून अडथळा नको म्हणून, आपण साधे प्रवासी आहोत एवढेच सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे टाके होते. धुळीने माखलेल्या काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत धावला, धेडांनी टाके बाटवले! गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, हेच तुमचा धर्म शिकवतो काय? एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल काय? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, जगातला कोणताही प्रवासी जे सहज करतो, म्हणजे तिकीट काढतो, चपला काढतो, पाणी पितो, फोटो काढतो, ते 'सहज' आपल्याला कधी मिळाले नव्हते. साधा प्रवासी होणे हीसुद्धा आपल्यासाठी लढून मिळवलेली पदवी आहे. दुसरी, अपमान होईल हे माहीत असूनही बाबासाहेबांनी पाहणे सोडले नाही. वेरूळला ते गेलेच.

दगड कोणाचे?

आता लासूरकडे येऊ. आनंदेश्वराचे देऊळ यादवकाळातले मानतात. चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला. मंडपात उभे राहून वर पाहिले की छताऐवजी आभाळाचा गोल तुकडा दिसतो. आज हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे संरक्षित स्मारक आहे.

अशा देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. वऱ्हाडातली कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. हेमाडपंत मंत्री होण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा. तरी नाव त्याचे! सत्तेजवळ बसलेल्याचे नाव दगडालाही कसे चिकटते, ते पाहा.

या हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. कोणत्या तिथीला कोणते व्रत, कोणते दान, श्राद्ध कसे, याचा तो कोश. म्हणजे कर्मकांडाचे पद्धतशीर दुकान. आणि त्याच काळात, आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभू होते. जातीची बंधने न मानणारा, महारा-मांगांच्या घरी जाणारा माणूस. त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरांनी बायकांना आणि शूद्रांना धर्मविचार मराठीत सांगितला, विटाळ झुगारला. चक्रधरांच्या छळाला महानुभाव परंपरा हेमाद्रीलाच जबाबदार धरते. एकच शतक, एकच मुलूख, आणि दोन टोकाच्या वाटा. देऊळ पाहायला गेलो नाही, तर हा झगडा आपल्याला दिसणारच नाही. मग गाईड सांगेल तेवढेच खरे मानून बसू, आणि गाईड काय सांगतो ते ठाऊकच आहे: एका रात्रीत देवांनी बांधले!

देव दगड वाहत नाहीत. माणसे वाहतात. शिलालेखात राजाचे नाव असते, दान देणाऱ्याचे असते, कधी लिहिणाऱ्याचेही असते. खाण फोडणाऱ्याचे, गाडा ओढणाऱ्याचे, चिखल तुडवणाऱ्याचे नसते. वेठबिगार करणाऱ्यांची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती.

एका माणसाची नोंद मात्र राहिली. एका परंपरेनुसार चोखोबांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा, म्हणजे तेही वऱ्हाडचेच. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला धरलेले असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. जिवंतपणी पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता, मेल्यावर समाधी मिळाली ती दाराबाहेर, पायरीपाशी. भिंत बांधताना चालला, भिंतीच्या आत चालला नाही. हा एक माणूस आठवून कोणत्याही जुन्या देवळाच्या भिंतीवर हात ठेवा, दगड वेगळाच लागतो.

म्हणून म्हणतो, हे दगड आपल्याला परके नाहीत. आत बसवलेल्या देवाशी आपला संबंध संपला आहे. भिंत उभी करणाऱ्या हातांशी संबंध कसा संपेल?

घाट बांधणारा परीट

देवळाजवळ जाऊनही देवळाच्या आहारी न जाण्याचा एक धडा याच पूर्णेच्या काठी मिळतो. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जी भागातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे. या पूर्णेच्या पाण्यात त्यांनी गुरे धुतली.

पूर्णेच्या काठावर ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे मुद्गलेश्वराचे देऊळ, आणि पौषातल्या रविवारी मोठी यात्रा. नदीत उतरताना लोक चिखलात घसरून पडत. लोक डुबकी मारून पुण्य घेत होते, तेव्हा गाडगेबाबा कुदळ-फावडे घेऊन पायऱ्या खोदत होते. पुढे तिथे पक्का घाट उभा राहिला, धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरातही तेच. वारीला जायचे, वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तनात नवस-बळी-कर्जावर कोरडे ओढायचे, आणि विठ्ठलाच्या दर्शनाला आत जायचे नाही. तिथली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. धर्मशाळेचे वसतिगृह व्हावे, वारकऱ्याच्या जागी विद्यार्थी यावा, याहून मोठे तीर्थ कोणते?

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते, त्यांना आपल्यात ओढायचे कारण नाही. पण जत्रेत जाऊनही माणूस आपला विवेक शाबूत ठेवू शकतो, हे त्यांनी दाखवले. ते लोकांच्या श्रद्धेची टिंगल करत नव्हते. ते लोकांना प्रश्न विचारत होते, आणि विचारताना हातात झाडू होता. आपल्यातले काही मित्र समाजमाध्यमांवर रोज कोणाच्या तरी देवाची टवाळी टाकतात आणि त्यालाच चळवळ समजतात. त्यांनी झाडू आणि टवाळी यातला फरक शिकावा.

भोनचा स्तूप

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जी वर्गात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. हीच पूर्णा अमरावती, अकोला ओलांडून बुलढाण्यात जाते आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. वाटेत संग्रामपूर तालुक्यात भोन नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप सापडला. भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. दोन हजार वर्षांहून जुनी, भरभराटीची वस्ती. म्हणजे ज्या पूर्णेला आज आपण ऋणमोचनच्या डुबकीने ओळखतो, तिच्या काठी कधीकाळी भिक्खू चारिका करत होते.

हे भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूप वाचवा म्हणून आपले कार्यकर्ते निवेदने देतात, ते योग्यच आहे. पण मग मी त्या मित्रांना विचारतो, संग्रामपूरच्या हिंदू शेतकऱ्याने भोनला यावे, चपला काढाव्यात, आदराने प्रदक्षिणा घालावी, हा आपलाही ठेवा आहे असे म्हणावे, असे तुम्हाला वाटते ना? मग लासूरला जाताना आपण कसे वागायचे, याचे उत्तर त्यातच आहे. वारशाचा आदर एका बाजूचा असत नाही. आपण मागतो तोच आदर आपण द्यायला नको काय?

आणि व्यवहाराचेही बोलू. जो समाज आपल्या मुलखातली स्थळे पायी हिंडून पाहतो, मोजतो, लिहितो, त्याच्याच हातात इतिहास राहतो. पातूरची लेणी आपल्या अकोला जिल्ह्यात आहेत. किती जणांनी पाहिली? देऊळ वर्ज्य म्हणून घरी बसायची सवय लागली, की लेणीही वर्ज्य होतात, कारण घरी बसण्याची सवय भेद करत नाही.

जायचे तर कसे?

प्रवासाचे नियम आपल्याला कोणा पुरोहिताकडून घ्यायचे नाहीत. ते सम्राट अशोकाने दगडावर लिहून ठेवले आहेत. आठव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा करत. आपण मात्र संबोधीला जाऊन आल्यापासून धम्मयात्रा सुरू केली. त्यात काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटून मदत करायची, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचे, धम्माची चर्चा करायची. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला आहे. बाराव्या शिलालेखात तो म्हणतो, की उगाच दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, तसे करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. बौद्ध सम्राटाचे हे सांगणे आहे, आजच्या कोणा नेत्याचे नव्हे.

त्यावरून आपल्या वर्गाने काही गोष्टी ठरवल्या. चपला बाहेर काढायच्या, कारण ती त्या जागेची रीत आहे. विहारात कोणी आले तर आपणही तीच अपेक्षा करतो. पूजा चालू असेल तर बाजूला थांबायचे. हात जोडायचे नाहीत, पण कोणाचे जोडलेले हात पाहून हसायचेही नाही. अभिषेक, नवस, दक्षिणा यांना नम्रपणे नाही म्हणायचे. मूर्तीचा फोटो काढण्यापूर्वी विचारायचे. दगडावर नाव कोरायचे नाही, 'जयभीम'सुद्धा नाही. नदीत प्लास्टिक टाकायचे नाही. आणि वहीत लिहून आणायचे: खांब किती, शिल्पे कोणती, लेख कुठे, आणि गावातल्या आपल्या वस्तीतले जुने लोक या देवळाबद्दल काय सांगतात.

कोणी अडवले, जात विचारली, तर? तर तिथे आदराचा विषय संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटसुद्धा नाव घेऊन लिहिले आहेत. महाडची आठवण आहे ती. कलम २५ हिंदूंच्या सार्वजनिक देवस्थानांची दारे सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला देते. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. आणि संरक्षित स्मारक पाहण्याचा हक्क १९५८ च्या स्मारकविषयक कायद्याने जनतेला दिलेला आहे, मग तो माणूस हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो की नास्तिक. कलम ५१-क आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवते. आपण लासूरला कोणाच्या मेहेरबानीने जात नाही, नागरिक म्हणून जातो.

तो रविवार

आम्ही गेलो. गाडीत पंधरा-सोळा पोरे-पोरी. मंडपात उभे राहून सगळ्यांनी वर आभाळ पाहिले. पोरींनी खांब मोजले, वाद झाला, पुन्हा मोजले. गावातले एक आजोबा दर्शनाला आले होते. त्यांनी विचारले, "कुठचे गा तुमी?" आम्ही सांगितले, अकोल्याचे, अभ्यासाला आलो. कोण लोक, तेही सांगितले, लपवायचे काय कारण? आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पाहा, पाहा. आमाले तं यातलं काईच समजत नाई. समजलं तं आमालेबी सांगजा." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. एकाने घेतला, माणसाने दिले म्हणून. दुसरीने हसून नाही म्हटले. आजोबांना दोन्ही चालले.

परतताना तो पोरगा माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "दादा, आजीले काय सांगू?" मी म्हटले, आजीला सांग, देवाकडे काही मागितले नाही. फक्त भिंत पाहून आलो.

ती आजी ज्या काळातली आहे, त्या काळात देवळाच्या दारात उभे राहणे हे बंड होते. तिच्या पिढीने दार सोडले, तेही बंडच होते. आपल्या पिढीचे काम तिसरे आहे. मोकळ्या मनाने, ताठ मानेने आत जायचे, वाचायचे, मोजायचे, लिहायचे, आणि तितक्याच मोकळेपणाने बाहेर यायचे. ज्याला गुडघे टेकायचे नाहीत, त्याला कोणत्याही दाराची भीती वाटायचे कारण नाही.

पुढचा रविवार भोनचा ठरला आहे. वही घेऊन या.

जयभीम! जय संविधान!